नऊ गुंठ्यांचा ठिपका

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, सकाळचे साडेआठ. वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या दक्षिणेला प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची कार्यालयं असलेल्या मोठ्या दगडी इमारती आहेत. त्यांतल्या लाँगवर्थ इमारतीच्या दारात मी तपासणीच्या रांगेत उभी होते. हातात निळी फाइल, फाइलमध्ये एक पानाचं टिपण, मतदारसंघाचा नकाशा आणि घरून छापून आणलेली दोन उपग्रहचित्रं. निधी मंजूर न झाल्यामुळे केंद्र सरकारचं कामकाज बंद पडून सहावा दिवस होता. माझी नोकरी जाऊन आठ आठवडे झाले होते.

मी अमरावती जिल्ह्यातली. २००४ मध्ये लग्न होऊन मेरीलँडला आले, पुढचं शिक्षण इथेच घेतलं, इथलं नागरिकत्व घेतलं. पण आयुष्यात कधी मोर्चाला गेले नव्हते की कुठल्या खासदाराच्या दारात उभी राहिले नव्हते. आमच्या घरात ती रीतच नव्हती. बाबा तलाठी. पुढाऱ्यांपासून चार हात लांब राहायचं आणि आपलं दप्तर चोख ठेवायचं, हे त्यांचं आम्हा बहिणींना कायमचं सांगणं. त्या दिवशी मात्र मी माझ्या कामासाठी पुढाऱ्यांकडे शब्द टाकायला निघाले होते.

काम काय होतं ते आधी सांगते. लँडसॅट ही पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या उपग्रहांची मालिका. पहिला १९७२ साली गेला, सध्या आठवा आणि नववा फिरतायत. उपग्रह बांधणं आणि सोडणं नासाकडे; चालवणं आणि चित्रं जपून ठेवणं अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याकडे. दोन्ही उपग्रह मिळून दर आठ दिवसांनी तीच जमीन पुन्हा टिपतात. मी कॅलिब्रेशनच्या गटात होते. अवकाशात गेलेल्या कॅमेऱ्याची नजर वर्षागणिक थोडी थोडी बदलत जाते. १९९० सालच्या चित्रातलं हिरवं रान आणि आजच्या चित्रातलं हिरवं रान शेजारी ठेवायचं असेल तर ती नजर सतत तपासत राहावी लागते. त्यासाठी नेवाडा राज्यातल्या रेलरोड व्हॅली या कोरड्या तळ्यावर माणसं उपकरणं घेऊन जातात आणि उपग्रह डोक्यावरून जात असताना जमिनीवरून परतणारा उजेड मोजतात. शिवाय महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या सुमारास, अख्खा उपग्रह वळवून चंद्राकडे धरतात. चंद्राचा पृष्ठभाग बदलत नाही, म्हणून मापाला तो पक्का.

या चित्रातला एक ठिपका जमिनीवर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद असतो. हे मी बाबांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता, मग उत्तर: "म्हणजे नऊ गुंठे. किंचित कमी." आयुष्यभर सातबारा लिहिलेला माणूस. पुढे त्यांनी विचारलं, "हे फोटो विकतात कोणाला?"

"कोणालाच नाही, बाबा. जगात कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं."

"अमरावतीतूनही?"

"अमरावतीतूनही."

ते खूश झाले होते. नंतर कितीतरी दिवस भेटेल त्याला हेच सांगत, असं आई म्हणाली.

२ मे २०२५ ला व्हाइट हाउसने २०२६ च्या अर्थसंकल्पाचा आराखडा काढला. नासाचे २४.८ अब्ज डॉलर थेट १८.८ अब्जांवर. महिनाअखेरीस तपशील आला तेव्हा कळलं की विज्ञान विभागाला ४७ टक्के कात्री आहे आणि चाळीसहून जास्त मोहिमा बंद करायच्या आहेत. यातल्या कित्येक तर व्यवस्थित चालू असलेल्या. गुरूभोवती फिरणारं जूनो, प्लूटो ओलांडून गेलेलं न्यू होरायझन्स, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणं. बांधायचा खर्च केव्हाच झालेला, आता फक्त चालवायचा तेवढा. आमच्या लँडसॅटच्या पुढच्या पिढीचा उल्लेख तर २ मेच्या आराखड्यातच 'सोन्याचा मुलामा दिलेली दोन अब्ज डॉलरची मोहीम' असा होता. मी ते वाक्य दोनदा वाचलं. गॅसवर वरण उतू जात होतं, ते नवऱ्याने येऊन बंद केलं.

नासाच्या कामावर असणारी सगळी माणसं नासाची नोकर नसतात, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. आमच्यासारखी पुष्कळ माणसं कंत्राटदार कंपन्यांच्या पगारावर असतात. आणि हे आजचं नाही. अपोलोच्या दिवसांत चंद्रावर उतरणारं यान ग्रुमन कंपनीने बांधलं होतं, सॅटर्न-५ रॉकेटचा पहिला टप्पा बोइंगने. त्यामुळे 'नासाचं खासगीकरण' हा शब्द मी जपून वापरते. खासगी कंपन्या पहिल्यापासून आहेत. बदलली ती मालकी, आणि करार करायची पद्धत. पूर्वी नासा आराखडा देई, कंपनी बांधून देई, जो खर्च येईल तो अधिक नफा नासा चुकता करी, आणि बांधलेली वस्तू नासाची. २००६ पासून अवकाश स्थानकाला माल पोचवण्याच्या निमित्ताने दुसरी पद्धत आली: ठरलेली किंमत घ्या, वाहन तुमचंच राहू द्या, आम्ही फक्त भाडं देऊ.

माझी नोकरी गेली त्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते. ११ ऑगस्टला सकाळी दहा वाजता संगणकावर बैठक, आम्ही अकरा जण. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी कागदावरून वाचून दाखवलं की पुढच्या वर्षीचं काम अनिश्चित आहे, त्यामुळे अकरा जागा आजपासून बंद. चौदा मिनिटांत संपलं. आरोग्यविमा महिनाअखेरपर्यंत. दुपारी लॅपटॉप परत पाठवायचा रिकामा खोका दारात आला. संसदेत अर्थसंकल्पावर मतदान व्हायचं होतं, एक डॉलरही अजून कमी झालेला नव्हता. पण प्रस्तावाच्या नुसत्या भीतीनेच कंपनीने माणसं काढली होती. याचा राग मला अजून आहे. त्याच उन्हाळ्यात नासाच्या स्वतःच्या नोकरवर्गातल्या जवळपास चार हजार जणांनी सरकारने देऊ केलेली राजीनाम्याची योजना स्वीकारली. अठरा हजारांची संस्था चौदा हजारांवर आली, तीही संसदेने काही ठरवायच्या आत.

सप्टेंबरमध्ये एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला. अवकाश विज्ञानाची बाजू मांडणाऱ्या संस्थांनी मिळून नागरिकांना खासदारांच्या कार्यालयांत घेऊन जायचं ठरवलं होतं. नाव नोंदवायचं, आदल्या दिवशी प्रशिक्षण घ्यायचं, दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांच्या गटाने भेटी. नवऱ्याला वाटत होतं की हा दिवस नोकरीचे अर्ज करण्यात घालवावा. मुलगी बारावीत आहे, कॉलेजची फी समोर दिसते आहे, त्याचं चुकत नव्हतं. तरी मी नाव दिलं.

रविवारच्या प्रशिक्षणात मला पहिला धक्का बसला. मी तीन पानी भाषण लिहून नेलं होतं: पृथ्वीच्या पन्नास वर्षांच्या नोंदीचं मोल, हवामान, पिकं, जंगल. शिकवणाऱ्या बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, यातलं काहीही पहिल्या दोन मिनिटांत बोलू नका. आधी सांगा, तुम्ही कुठल्या गावात राहता. मग त्या मतदारसंघात नासाच्या कामावर किती लोक जगतात, किती दुकानं, किती कॉलेजं. मग तुमची मागणी, एका वाक्यात. विज्ञान शेवटी, वेळ उरला तर.

मला ते पटत नव्हतं. कारण हीच भाषा नासाच्या मुळावर आली आहे, असं मी वर्षानुवर्षं मानत आले होते. १९६१ मध्ये अंतराळवीरांचं केंद्र ह्यूस्टनला गेलं. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससचे, आणि नासाला पैसा देणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष अल्बर्ट थॉमस खुद्द ह्यूस्टनचे खासदार होते. २०१० मध्ये ओबामांनी आधीचा चंद्रमोहिमेचा कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलं, तर संसदेने कायदाच करून नासाला नवं अवजड रॉकेट बांधायला लावलं. शक्य तिथे स्पेस शटल या जुन्या अवकाशयानाचेच भाग आणि शटलचीच कंत्राटं वापरा, असंही त्यात लिहिलं. या रॉकेटचं नाव एसएलएस, म्हणजे स्पेस लाँच सिस्टिम; या क्षेत्रातली माणसं त्याला 'सिनेटचं रॉकेट' म्हणतात. मार्च २०२२ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी संसदेला सांगितलं की रॉकेट, यान आणि जमिनीवरची यंत्रणा धरून पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर पडेल. ज्या वर्षी आमच्या विज्ञानाला कात्री लावायचा प्रस्ताव आला, त्याच वर्षी ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात या रॉकेटच्या चौथ्या आणि पाचव्या उड्डाणांसाठी आणखी ४.१ अब्ज डॉलर होते, आणि एक निवृत्त अवकाशयान ह्यूस्टनला हलवण्यासाठी साडेआठ कोटी. पृथ्वी पाहणाऱ्या उपग्रहांसाठी काहीही नव्हतं.

युरोपा क्लिपरचं उदाहरण तर मी सगळ्यांना सांगत असे. गुरूच्या चंद्राकडे जाणारी ही मोहीम उभी राहिली ती ह्यूस्टनचे खासदार जॉन कल्बर्सन यांच्या ध्यासामुळे. त्यांनी तिला पैसा मिळवून दिला, आणि ती एसएलएसवरूनच सोडायची असं कायद्यातही घालून ठेवलं. २०१८ मध्ये ते निवडणूक हरले. पुढे ती अट निघाली, आणि यान ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन हेवीवरून गेलं. दीड-दोन अब्ज डॉलर वाचले. म्हणजे मोहीम जन्माला आली राजकारणामुळे आणि परवडली खासगी रॉकेटमुळे. मी मात्र गोष्ट सांगताना दुसरा भागच सांगत होते. पहिल्या भागाकडे माझं लक्ष त्या सोमवारी गेलं.

आमच्या गटात अलाबामातल्या हंट्सव्हिलचे एक गृहस्थ होते, सत्तरीच्या पुढचे. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच. तरुणपणी लेथवर गेली, असं त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. लाँगवर्थमधून पलीकडच्या इमारतीत जायला जमिनीखालून बोगदे आहेत. त्या बोगद्याच्या बाकावर बसून आम्ही डबा खाल्ला. मी पराठे नेले होते, त्यांनी दोन खाल्ले. हंट्सव्हिल म्हणजे नासाच्या मार्शल केंद्राचं गाव, एसएलएसचं माहेर. मी जरा जपूनच विचारलं, तुम्ही विज्ञानासाठी कसे आलात?

ते म्हणाले, "मीही कॅलिब्रेशनवालाच."

चंद्रा क्ष-किरण दुर्बीण १९९९ मध्ये अवकाशात गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. तिचे आरसे त्याआधी हंट्सव्हिलच्या एका लांबलचक निर्वात नळीच्या टोकाला ठेवून तपासले होते. त्या कामावर हे तंत्रज्ञ होते. चाचण्या चोवीस तास चालत, हे रात्रपाळी करत. त्यांच्या धाकट्या मुलीचा पहिला वाढदिवस त्या नळीपाशी बसून चुकला होता. ती दुर्बीण अजून काम करते आहे आणि नव्या प्रस्तावात तिचाही खर्च मोठ्या प्रमाणात छाटला होता.

मग मी रॉकेटबद्दल बोलले. चार अब्ज वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, अपोलो संपल्यावर त्यांच्या वडिलांची नोकरी गेली. गल्लीतली सहा घरं त्या वर्षी विकायला निघाली होती. गाव पुन्हा उभं राहायला दहा वर्षं लागली. "रॉकेट राजकारण्यांनी बांधलं नाही, आम्ही बांधलं. त्यांनी एवढंच केलं की गाव दुसऱ्यांदा मोडू दिलं नाही. आणि गाव मोडलं असतं तर ती नळीही गेली असती."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. रॉकेट महागच आहे, हे माझं मत बदललेलं नाही. पण ज्या ओढाताणीला मी दोष देत होते तिच्याच दोरीचं एक टोक धरून आपण दोघं तिथे आलो आहोत, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या लख्ख दिसलं. एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाने आमचं काम बंद करायचं ठरवलं असतं, तर तलाठ्याची मुलगी निळी फाइल घेऊन कुठे जाणार होती? इथे निदान दार होतं, आणि दार उघडून आत घ्यावं लागत होतं, कारण मी तिथली मतदार होते.

त्या दिवशी आम्ही पाच कार्यालयांत गेलो. खासदार स्वतः कुठेच भेटले नाहीत, प्रतिनिधिगृहाचं कामकाज बंद होतं. भेटतात त्यांचे सहायक, बहुतेक चोविशी-पंचविशीतले. तेही सरकार बंद असल्यामुळे पगाराची खात्री नसताना कामावर आलेले. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. आमच्या मेरीलँडची भेट सोपी गेली. नासाचं गोडार्ड केंद्र याच राज्यात, त्यामुळे त्यांना सगळं आमच्याहून जास्त माहीत होतं. अलाबामाच्या भेटीत हंट्सव्हिलच्या गृहस्थांनी आपला तो हात टेबलावर ठेवला, आपण कुठल्या रस्त्यावर राहतो ते सांगितलं आणि मग नळीची गोष्ट सांगितली. समोरचा मुलगा लिहून घेत होता, तो मध्येच लिहायचा थांबून नुसता ऐकत बसला.

चौथी भेट मला जन्मभर लक्षात राहील. दक्षिणेतल्याच दुसऱ्या एका राज्याचं कार्यालय. सहायक तरुण, नम्र, तयारीचा. त्याने थेट विचारलं: "उपग्रहचित्रं आता खासगी कंपन्याही घेतात. जास्त बारीक, जास्त वेळा. सरकारने ती विकत घ्यावीत की. रॉकेटच्या बाबतीत नासाने तेच केलं आणि ते यशस्वी झालं."

प्रश्न रास्त होता. रॉकेटबद्दल तो म्हणाला ते खरंच आहे, हे मी आधी कबूल केलं. २०११ मध्ये शटल थांबल्यावर नऊ वर्षं अमेरिकी अंतराळवीर रशियाच्या सोयुझची तिकिटं काढून जात होते. २०१४ मध्ये नासाने दोन कंपन्यांशी करार केले, बोइंगशी ४.२ अब्जांचा आणि स्पेसएक्सशी २.६ अब्जांचा. कमी पैशांत काम घेतलेल्या स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसं वर नेली. बोइंगच्या स्टारलायनरला २०२४ चा जून उजाडला, आणि त्यातून गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विलमोर यांची आठेक दिवसांची फेरी नऊ महिन्यांची झाली. मार्च २०२५ मध्ये त्यांना परत आणलं ते स्पेसएक्सच्या यानाने. दोन कंपन्या ठेवल्या म्हणून निभावलं. पण मग ५ जून २०२५ ही तारीखही आठवा, मी म्हणाले. अध्यक्ष आणि स्पेसएक्सचे मालक यांचं समाजमाध्यमांवर जाहीर भांडण झालं, आणि मालकांनी लिहून टाकलं की ड्रॅगन यान आम्ही बंद करणार. काही तासांत त्यांनी शब्द मागे घेतला. पण अवकाश स्थानकावर अमेरिकी माणसांना नेणारं त्या वेळी चालू असलेलं एकमेव अमेरिकी वाहन तेच होतं.

मग मी फाइल उघडली. म्हटलं, चित्रं विकत घेण्याचा प्रयोग आपण एकदा केलेला आहे, आणि तो याच उपग्रहांवर केला आहे.

१९८४ मध्ये संसदेने कायदा करून लँडसॅट खासगी हातात द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी इओसॅट नावाच्या कंपनीकडे काम गेलं. बाजार मोठा होईल, खर्च निघेल, अशी अपेक्षा. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली. विद्यापीठांनी चित्रं घेणं सोडलं. कंपनीला गिऱ्हाईक असेल तिथलीच चित्रं घेणं परवडे, त्यामुळे जगातल्या कित्येक भागांच्या त्या वर्षांच्या नोंदीच नाहीत. तेव्हा न टिपलेली जमीन आता कुठल्याही पैशाने टिपता येणार नाही. १९८९ मध्ये तर चालू उपग्रह पैशाअभावी बंद करायची पाळी आली होती. १९९२ मध्ये संसदेनेच कायदा बदलून लँडसॅट सरकारकडे परत आणला. आणि २००८ मध्ये सगळा साठा फुकट खुला केला. विकत होती तेव्हा चांगल्यातल्या चांगल्या वर्षी पंचवीसेक हजार चित्रं गेली होती. फुकट झाल्यावर वर्षाला दहा लाखांच्या वर उतरवून घेतली जाऊ लागली.

"खासगी कंपन्यांची बारीक चित्रं मी स्वतः वापरली आहेत, चांगली असतात," मी म्हणाले. "पण पुष्कळदा त्यांची नजर तपासायला त्या कंपन्यांनाही आमचंच माप लागतं. रॉकेटला गिऱ्हाईक असतं. चाळीस वर्षांपूर्वी इथे रान किती हिरवं होतं, याला आज पैसे मोजणारं गिऱ्हाईक नसतं. ते चाळीस वर्षांनी येतं."

आणि मी त्याच्यासमोर दोन चित्रं ठेवली. त्यांच्याच मतदारसंघातला एक परगणा, १९९० आणि २०२५. आदल्या रात्री मुलीने छापायला मदत केली होती. यातला एक ठिपका बेसबॉलच्या आतल्या मैदानाएवढा, असं मी सांगितलं. नऊ गुंठे त्याला कळले नसते. तो मुलगा चित्रावर वाकला, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला. "हे माझ्या आजोबांचं शेत. म्हणजे होतं." १९९० च्या चित्रात तिथे लाल-हिरवे चौकोन होते, २०२५ च्या चित्रात राखाडी गोदामं. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. त्याने विचारलं, हे मी ठेवून घेऊ का?

पाचवी भेट कशी झाली ते मला नीट आठवत नाही, पाय दुखत होते. हंट्सव्हिलच्या गृहस्थांनी निरोप घेताना उरलेल्या पराठ्यांची पुडी मागून घेतली.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. त्या दिवशी कोजागिरी होती, माझ्या लक्षातही नव्हतं. नवऱ्याने दूध आटवत ठेवलं होतं, मुलीने चारोळ्या शोधून काढल्या होत्या. मागच्या अंगणात खुर्च्या टाकून आम्ही बसलो. चंद्र नेहमीपेक्षा मोठा होता. याच दिवसांत, पृथ्वीपासून सातशे किलोमीटरवर, आठवा आणि नववा लँडसॅट वळून त्याच चंद्राकडे बघत असणार. माझ्या जागी ते आकडे आता कोण तपासणार, हे मला माहीत होतं. गटातली सगळ्यात नवी मुलगी, एकटी, तिघांचं काम. मी तिला मेसेज केला: काही अडलं तर केव्हाही फोन कर, पगार नसला तरी. तिचं उत्तर रात्री दीड वाजता आलं, म्हणजे ती जागीच होती.

त्यानंतरची प्रक्रिया म्हणजे चिकाटी. प्रत्येक कार्यालयाला आभाराचं पत्र, दोन आठवड्यांनी पुन्हा पत्र, मग फोन. ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला सरकार उघडलं. डिसेंबरात जॅरेड आयझॅकमन नासाचे प्रमुख झाले. याच माणसाचं नाव अध्यक्षांनी मे महिन्यात मागे घेतलं होतं आणि नोव्हेंबरात पुन्हा दिलं होतं. मधले महिने संस्था हंगामी प्रमुखांवर चालली, आणि जुलैपासून तर ते काम वाहतूक मंत्र्यांकडेच होतं. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं व्हायला नको होतं.

जानेवारी २०२६ मध्ये संसदेने नासाचा निधी मंजूर केला: सुमारे २४.४ अब्ज डॉलर, त्यात विज्ञानाला सव्वासात अब्ज. ४७ टक्क्यांची कात्री जवळपास पूर्ण परतवली गेली, तीही दोन्ही पक्षांच्या मतांनी. मंगळावरचे नमुने आणण्याची मोहीम तेवढी वाचली नाही. आमच्या भेटींमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण ते पत्रं, फोन, भेटी यांच्या ढिगाऱ्यातून झालं, आणि त्या ढिगाऱ्यात एक निळी फाइल माझी होती.

माझी जागा परत आली नाही. निधी आला तरी गेलेली माणसं आपोआप परतत नाहीत. अकरांपैकी दोघांना बोलावणं आलं, त्यांत मी नव्हते. एक जण आता पीकविमा कंपनीत आहे, एक शाळेत गणित शिकवतो. मी सध्या आमच्या काउंटीच्या पाणीपुरवठा विभागासाठी तात्पुरतं काम करते, लँडसॅटचीच चित्रं वापरून.

फेब्रुवारीत एक दिवस अनोळखी क्रमांकावरून फोन आला. चौथ्या भेटीतला तो सहायक. त्याच्या कार्यालयाला सगळ्या मतदारसंघाची तशी चित्रं हवी होती, दर पाच वर्षांची, १९८५ पासून. कंत्राट कोणाला द्यावं लागेल, असं त्याचं विचारणं होतं. मी म्हटलं, संगणक उघडा. संकेतस्थळ सांगितलं, खातं काढायला सांगितलं, नकाशावर चौकट आखायला सांगितली. यादी उघडली तशी तो वर्षं मोठ्याने वाचायला लागला. ऐंशीच्या दशकाअखेरीची दोन-तीन वर्षं विरळ होती. "इथे कमी का आहेत?" त्याने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाला, "अच्छा. ही ती वर्षं."